शाळा सिस्टरांची, मुली आमच्या

(वसई तालुक्यात झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन. शाळेचे आणि बायका-मुलींची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मिशनरी शाळा : योगदान आणि मर्यादा’ असा विषय छापलाय. वाचून परीक्षेचा पेपर आठवला. दहा मार्क योगदानाला, दहा मर्यादांना, आणि शेवटी ‘थोडक्यात’ म्हणून चार ओळी. तसं मला बोलता येणार नाही, कारण ज्या बायकांच्या जिवावर मी बोलणार आहे त्या तशा बोलल्याच नाहीत. एकच बाई एका दमात सिस्टरना दुवा देते आणि पुढच्याच वाक्याला सांगते, की त्या शाळेची घंटा ऐकली तरी अजून पोटात गोळा येतो. तिची दोन्ही वाक्यं खरी आहेत.

गेली दोन वर्षं आपल्या गटाच्या बैठकांना इथल्या एका लहान कॅथलिक शाळेतल्या आया येतात. त्यांच्या ओळखीने माजी विद्यार्थिनी आल्या, दोन शिक्षिका आल्या, आणि बऱ्याच दिवसांनी एक सिस्टरही बोलल्या. शाळेचं नाव मी घेणार नाही. तुमच्यातल्या वसईकर ते ओळखायला बघतील. बघा, चार-पाच शाळांवर बोट जाईल.

बाहेरगावाहून आलेल्यांसाठी थोडं सांगते. ‘कॉन्व्हेंट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईची दगडी इमारत, भरमसाट फी आणि फाडफाड इंग्रजी येतं. वसईचं तसं नाही. इथे १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळात इथली शेतकरी, कोळी कुटुंबं ख्रिस्ती झाली, पण बोली सुटली नाही. घरात कुपारी किंवा वाडवळी, चर्चमधली मिस्सा मराठीत. एका चर्चच्या परिसराला इथे ‘धर्मग्राम’ म्हणतात, सिस्टरना ‘धर्मभगिनी’. पूर्वी हा भाग मुंबईच्या धर्मप्रांतात मोडायचा, वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला १९९८ साली. गावोगावच्या चर्चनी आधी ज्या शाळा काढल्या त्या बहुतेक मराठी होत्या, इंग्रजी मागाहून आली.

आपली ही शाळा तशीच. चर्चच्या आवारात, एका इयत्तेला एक तुकडी, मागे सिस्टरांचं घर, बाजूला मुलींचं लहानसं बोर्डिंग. मुख्याध्यापिका सिस्टर, पण मॅनेजर चर्चचे फादर. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. मुलं कोणाची? गावातल्या कॅथलिकांची तर आहेतच. शेजारच्या हिंदू घरांतली आहेत, नालासोपाऱ्याच्या चाळींत राहणाऱ्या कोकणातल्या आणि उत्तर प्रदेशातल्या कुटुंबांची आहेत, मुसलमानांची आहेत. आणि बोर्डिंगात पूर्वेकडच्या पाड्यांवरच्या वारली, कातकरी मुली.

सत्तरी ओलांडलेली एक बाई आमच्या बैठकीला आली होती, नातीबरोबर. ती लहान असताना तिची आई पहाटेच्या गाडीने फुलांची आणि भाजीची पाटी घेऊन दादरला जायची. घरी धाकटा भाऊ हिच्या कडेवर. एक सिस्टर घरी आली आणि म्हणाली, पोरीला शाळेत पाठवा. आई म्हणाली, पोर कोण सांभाळेल? सिस्टर म्हणाली, पोराला घेऊन पाठवा. तर ही भावाला मांडीवर घेऊन वर्गात बसायची. तो रडायला लागला की सिस्टर शिकवता शिकवता त्याला उचलून घ्यायची. अशी सातवी झाली. तिच्या दोन मुली नर्स झाल्या, त्यातली एक आखातात गेली आणि तिच्या पैशावर घर उभं राहिलं.

सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात शाळा सुरू केली हे आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवं. पण गावोगावी चपला झिजवणाऱ्या या सिस्टरांना आपल्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात चार ओळीही मिळत नाहीत. त्यांनी ते आपल्या धर्माचं काम म्हणून केलं, स्त्रीमुक्तीचं म्हणून नाही, असं आपल्यातल्या काही जणी म्हणतात. म्हणोत. मांडीवर भाऊ घेऊन बसलेल्या पोरीला त्याचं काय?

आता दाखल्याची गोष्ट. ही जरा सविस्तर सांगते.

काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीचा बाप शाळेत आला. दाखला द्या म्हणाला, गावी जातोय, तिथे शिकेल. मुलगी गप्प बसणारी, अभ्यासात बेताची, शिक्षकांच्या फारशी लक्षातही नसलेली. मुख्याध्यापिका सिस्टरनी विचारलं, तिकडच्या शाळेचं नाव काय? बापाला सांगता येईना. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, दाखल्याला आईची सही लागते, आईला घेऊन या. असा नियम नव्हता. सिस्टरनी तो टेबलामागे बसल्या बसल्या तयार केला होता. दुसऱ्या दिवशी आई आली. नवरा बाजूला उभा, बाईची मान खाली. सिस्टरनी नवऱ्याला क्लार्ककडे पाठवलं, फीची बाकी बघायला, आणि दार लोटून बाईला विचारलं. मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगी चौदा वर्षांची. सिस्टरनी २००६ चा बालविवाहाचा कायदा वगैरे काढला नाही, पोलिसांचं नाव घेतलं नाही. बापाला एवढंच सांगितलं, की वार्षिक परीक्षा झाल्याशिवाय दाखला मिळत नाही, असा नियम आहे. मग परीक्षा झाली, मग सुट्टी लागली, ऑफिस बंद. जूनमध्ये मुलगी दहावीच्या वर्गात बसली. तोवर ते स्थळ हातचं गेलं होतं. आज ती विरारला एका दवाखान्यात काम करते. तिच्याच तोंडून मी हे ऐकलं.

त्याच टेबलाची दुसरी गोष्ट. आधीच्या सिस्टर बदलून गेल्या होत्या, नव्या आल्या होत्या. नवऱ्याने टाकलेली एक बाई मुलीला पहिलीत घालायला आली. बाई कॅथलिक, ह्याच धर्मग्रामातली. अर्जावर वडिलांची सही हवी. ती म्हणाली, ते कुठे आहेत मला माहीत नाही. सिस्टर म्हणाल्या, मग घटस्फोटाचा कागद आणा. आता बघा, कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही. आणि कायद्यात तरी ख्रिस्ती बाईला घटस्फोट कधी सोपा होता? १८६९ च्या कायद्याप्रमाणे नवऱ्याचा व्यभिचार एकटा पुरेसा नसे, त्याला क्रूरतेची किंवा टाकून दिल्याची जोड दाखवावी लागे. ते बदललं २००१ साली. म्हणजे जो घटस्फोट घेऊ नकोस असं तिला रविवारी सांगितलं जातं, त्याचा कागद तिच्याकडे सोमवारी मागितला. परित्यक्तेकडे कसला कागद असतो? ती चार खेपा घालून दमली. शेवटी तिच्या भावाने वडिलांच्या जागी सही केली आणि तेवढ्यावर सगळं भागलं. पुरुषाची सही झाली ना!

यावर सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे, जुलै २०१५ चा. त्यातली आईही ख्रिस्तीच होती, अविवाहित. बापाचं नाव उघड न करता मुलाची पालक म्हणून नेमणूक व्हावी एवढंच ती मागत होती. न्यायालयाने तिचं म्हणणं मान्य केलं. आपल्या बाईचा प्रवेश त्यानंतरचा. पण हा निकाल ना सिस्टरना माहीत होता, ना तिला, ना तेव्हा आपल्या गटातल्या कोणाला.

पहिल्या सिस्टरचा नसलेला नियम आपल्याला आवडतो आणि दुसरीचा खुपतो. मलाही. पण पालक म्हणून टेबलाच्या अलीकडे उभं राहिलं की दोन्ही वेळा दिसतं ते एकच : सिस्टर म्हणतील तो नियम. सिस्टर भली असली तर मुलगी वाचते, नसली तर आई खेपा घालते, आणि जूनमध्ये कोणती सिस्टर येणार हे कोणालाच ठाऊक नसतं. आमच्या बैठकीत एका आईने विचारलं, ‘पण हे लिहिलंय कुठे?’ सगळ्याजणी तिच्याकडे बघायला लागल्या. इतकी वर्षं हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

माजी विद्यार्थिनींची बैठक झाली तेव्हा हसून हसून पोट दुखलं. स्कर्टची लांबी मोजायला गुडघ्यांवर उभं करायच्या, कड फरशीला टेकली पाहिजे. मोठ्या बहिणीच्या लग्नाची मेंदी लावून आलेल्या मुलीला रंग जाईपर्यंत प्रार्थनेला हात मागे घेऊन उभं केलं होतं. केसांना तेल हवं, रिबिनी हव्यात, पण गजरा नको. इंग्रजी विभागात मराठी किंवा कुपारी बोललं की एक रुपया दंड. एक जण म्हणाली, ‘रविवारी चर्चमध्ये ज्या भाषेत देवाशी बोलायचं, तिचाच सोमवारी रुपया.’ आज ती स्वतः इंग्रजी शाळेत शिकवते आणि घरी मुलाशी कुपारी बोलत नाही. हे तिने हसत सांगितलं नाही.

पाळीबद्दल मात्र बहुतेकींनी एकच आठवण सांगितली. सहावीत असताना एक सिस्टर वर्गातल्या मुलींना बाजूला घेऊन बसल्या आणि फळ्यावर चित्र काढून सगळं समजावलं. ‘यात घाण काही नाही, शिवाशिव काही नाही.’ त्यांच्या कपाटात पॅड असायचे, कधीही जाऊन मागता यायचे. हिंदू घरांतल्या मुलींनी सांगितलं, की घरी चार दिवस बाजूला बसत होतो आणि शाळेत त्याच दिवसांत खो-खो खेळत होतो. सोवळ्याओवळ्याविरुद्ध आपण किती पत्रकं काढली! ह्या सिस्टरने खडूच्या एका तुकड्यावर काम केलं. पण नववीत त्याच मुलींना बाहेरून आलेल्या वक्त्याने ‘पवित्रता’ या विषयावर दोन तास सुनावलं. मुलीने कसं बसावं, कसं हसावं, मुलांना मोहात कसं पाडू नये. मुलं त्या वेळी मैदानावर फुटबॉल खेळत होती. त्यांना कोणी काही सुनावलं नाही.

बोर्डिंगमधल्या एका मुलीचं बोलणं ऐकून बैठक शांत झाली. ती वारली, आता नर्स आहे. ती म्हणाली, ‘तिथे पोटभर भात मिळाला. घरी मिळत नव्हता. रात्री दिव्याखाली सिस्टर पाढे घ्यायच्या. मी आज उभी आहे ती त्यांच्यामुळे.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘सकाळी शाळा आम्ही झाडायचो. संडास आम्ही धुवायचो. गावातल्या मुली येऊन त्या झाडलेल्या वर्गात बसायच्या. तेव्हा मला त्याचा राग आला नाही. आता येतो.’ सिस्टरांचं म्हणणं, हे श्रमसंस्कार आहेत. असतील. मग ते फक्त बोर्डिंगच्या मुलींवरच का? गावातल्या एखाद्या मुलाच्या हातात कधी झाडू दिसला नाही. घरातलं काम मुलीचं, घरातली जातही त्यातच मुरलेली, हे आपल्याला माहीत आहे. शाळेने ते जसंच्या तसं उचललं आणि त्याला संस्कार म्हटलं.

एक गोष्ट ह्या आवारात डोळ्यांनी दिसते. मराठी विभाग अनुदानित, तिथे मुलीला फी पडत नाही. इंग्रजी विभाग विनाअनुदानित, तिथे फी आहे. फाटक एकच. सकाळी एका घरातून दोन मुलं येतात. भाऊ डावीकडे वळतो, बहीण उजवीकडे. आम्ही गटात मोजदाद केली नाही, पण आयांना विचारलं तेव्हा अशी घरं पटापट निघाली. एक आई म्हणाली, ‘दोघांची फी झेपत नाही. तिला काय, लग्न करून जायचंय.’ मग स्वतःच ओशाळली. यात शाळेचा दोष कमी आणि आपल्या घरांचा जास्त. पण शाळेने कधी त्या आई-बापांना बोलावून विचारलं नाही. फी थकली की विचारते, स्कर्ट तोकडा झाला की विचारते, हे मात्र विचारावंसं वाटलं नाही. आणि मराठी विभागाचा पट आता इतका खाली आलाय की तुकडी टिकेल की नाही अशी धास्ती आहे. ती बंद झाली तर उजवीकडे वळणाऱ्या मुलींचं काय, हा प्रश्न आपल्याला घ्यावा लागेल.

शिक्षिकांबद्दल थोडक्यात. दोघीही इंग्रजी विभागातल्या, जूनमध्ये नेमणूक, एप्रिलमध्ये संपते. त्यातली एक सात वर्षं अशी ‘नवीन’ आहे. खाजगी शाळांतल्या नोकऱ्यांबद्दल महाराष्ट्रात १९७७ चा कायदा आहे, पण तो दाखवायला गेलं तर पुढच्या जूनचं काय, ही भीती.

सिस्टर बोलायला आल्या त्या संध्याकाळी, साध्या साडीत. सुरुवातीला त्याच आम्हाला प्रश्न विचारत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘तुम्ही म्हणता आम्हाला कोणी विचारू शकत नाही. आम्ही तरी कोणाला विचारतो?’ बदलीचा कागद येतो, का ते विचारायचं नसतं, आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं असतं. अनुदानित जागेवरच्या सिस्टरचा पगार तिच्या नावाने निघतो, पण निर्धनतेच्या व्रतामुळे तो संघाकडे जातो. यावरच्या प्राप्तिकराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की पगार संघाकडे जात असला तरी कर कापला जाणारच. सरकारच्या लेखी ती पगारदार. पण त्या पगारातून आईला औषधाला पैसे पाठवायचे तर वरिष्ठांकडे मागायचे. इतकं करून शाळेचे मोठे निर्णय कोणाचे? मॅनेजर फादरांचे. नवीन खोल्या बांधायच्या की नाही, फी किती, कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं. सही सिस्टरची, शब्द फादरांचा. पालकांचा राग मात्र सिस्टर झेलतात.

मी सिस्टरांना निरपराध ठरवत नाही. ज्या बाईला वर मान करता येत नाही ती खाली हात उगारते, हे आपण सासू-सुनेत पाहतोच. पण सप्टेंबर २०१८ मध्ये कोचीच्या रस्त्यावर सिस्टर धरणं धरून बसल्या होत्या, आपल्या एका सहकारी सिस्टरने बिशपविरुद्ध बलात्काराची तक्रार केली म्हणून, त्यांना अटक व्हावी म्हणून. अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने बिशपांना निर्दोष सोडलं, त्याविरुद्ध अपील झालं. निकालाचं काहीही होवो, अंगावरच्या झग्यानिशी रस्त्यावर बसायला त्यांना काय पडलं असेल याचा विचार करा. त्यांच्या बाजूने आपल्यापैकी किती संघटनांनी पत्रक काढलं?

आता चिठ्ठीचं प्रकरण. यावरून आपल्याकडे वाद झाला, म्हणून स्पष्ट बोलते.

नववीतल्या एका मुलीच्या दप्तरात एका मुलाची चिठ्ठी सापडली. मुलगी नालासोपाऱ्याच्या चाळीतली, हिंदू, बाप रिक्षा चालवतो. चिठ्ठी मुलाने लिहिलेली, मुलीने उत्तरही दिलं नव्हतं. ती चिठ्ठी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचली गेली. मुलाला ताकीद मिळाली. मुलीच्या आई-बापाला बोलावून सांगितलं, की तुम्ही स्वतःहून दाखला घेऊन जा, म्हणजे त्यावर शेरा लिहावा लागणार नाही. बापाने मुलीला घरी आणून मारलं आणि शिक्षण बंद केलं. आई आमच्या बैठकीला आली ती तिसऱ्या दिवशी.

आम्ही निवेदनाचा मसुदा करत होतो, तेवढ्यात एक झेंडेवाली संघटना मध्ये पडली. फाटकावर घोषणा सुरू झाल्या, धर्मांतराचे अड्डे बंद करा वगैरे. मुलीच्या नावाचाही उल्लेख. ज्यांनी त्या मुलीला कधी पाहिलं नव्हतं ते तिच्या अब्रूबद्दल ओरडत होते. सिस्टरांनी फाटक लावून घेतलं. वर्गात लहान मुलं रडत होती. वसईतल्या बायकांना हे नवीन नाही. १९९८ च्या नाताळात डांगमध्ये चर्चवर हल्ले झाले, जाळपोळ झाली. जानेवारी १९९९ मध्ये ओरिसात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जाळून मारलं. तेव्हाची भीती इथल्या घरांत अजून आहे.

त्या रात्री बैठकीत फूट पडली. कॅथलिक आया म्हणाल्या, आता निवेदन नको, ते लोक त्याचा फायदा घेतील, शाळा वाचवू या. काही जणी म्हणाल्या, मोर्चामुळे तरी शाळा नमेल, आपणही त्यात जाऊ. मुलीची आई एका कोपऱ्यात बसली होती. ती संघटना तिच्या घरी जाऊन आली होती, एका कागदावर सही मागत होती. त्यात लिहिलं होतं, की शाळेत मुलीला ख्रिस्ती व्हायला सांगत होते. ती म्हणाली, ‘असं कोणी सांगितलं नाही. मी खोटी सही करणार नाही. माझी तक्रार चिठ्ठीची आहे. माझी पोर शाळेत गेली पाहिजे.’

तिथून पुढचं सोपं झालं असं नाही, पण काय लिहायचं ते ठरलं. निवेदनात दोन परिच्छेद होते. पहिल्यात आम्ही म्हटलं, की फाटकावर जमाव आणून मुलांना घाबरवणाऱ्यांचा आम्ही पालक निषेध करतो आणि गरज पडली तर फाटकावर आम्ही उभ्या राहू. दुसऱ्यात म्हटलं, की मुलीची चिठ्ठी चारचौघांत वाचणं आणि तिला दाखला घ्यायला लावणं अन्याय आहे, तिला परत घ्या. खाली कॅथलिक, हिंदू, मुसलमान आयांच्या सह्या. सह्या करताना दोन कॅथलिक बाया रडल्या. एकीच्या मुलाचं पहिलं कम्युनियन त्याच महिन्यात होतं. फादर काय म्हणतील, ही तिची भीती खोटी नव्हती. आपलं बारसं, लग्न, माती सगळं ज्या चर्चमध्ये होतं त्याच चर्चची शाळा असली, की तक्रार करणं म्हणजे काय, हे बाहेरून आलेल्या कार्यकर्तीला चटकन कळत नाही.

निवेदन घेऊन गेलो तर सिस्टर पहिला परिच्छेद वाचून गहिवरल्या आणि दुसऱ्यावर आल्या तशा गप्प झाल्या. फादरना दाखवते म्हणाल्या. फादरांनी आम्हाला बोलावलं नाही. तीन आठवड्यांनी मुलीला निरोप आला, युनिफॉर्म घालून ये. बापाला राजी करायला आणखी आठवडा गेला. मुलगी आता दहावी झाली आहे. चिठ्ठी का वाचली याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तो मुलगा कुठे आहे? त्याच वर्गात होता, त्याच बाकावर.

आपल्यातल्या काही जणींचं म्हणणं आहे, की अल्पसंख्याकांवर हल्ले होत असताना त्यांच्या संस्थांवर बोलू नये. मला हे पटत नाही. गप्प बसलं की तक्रार मरत नाही, ती झेंडेवाल्यांच्या हातात जाते. त्या मुलीची आई त्यांच्या कागदावर सही करण्याच्या किती जवळ होती हे मी पाहिलंय. तिच्यासाठी दुसरा कागद तयार होता, म्हणून ती करू शकली नाही असं नव्हे, मुळात ती खमकी होती. पण प्रत्येक आई तशी असेलच असं धरून आपण चालायचं का?

कायद्याचं थोडं सांगते, कारण ‘अल्पसंख्य शाळा आहे, काही करता येत नाही’ हे वाक्य शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात आम्ही फार ऐकलं. घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिला आहे. तो टिकलाच पाहिजे. पण १९५८ मध्येच, केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की कारभाराच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, त्याच्या कलम १७ ने मुलांना मारण्यावर आणि मानसिक छळावर बंदी घातली. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका हव्यात असंही त्यात आहे. मात्र २०१४ च्या ‘प्रमती’ निकालाने हा कायदा अल्पसंख्य शाळांना, अनुदानितांनासुद्धा, लागू नाही असं ठरलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलं. त्याची वाट बघत बसायला नको. मुलांशी क्रूरपणे वागण्याबद्दल २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहे. लैंगिक त्रासाबद्दल २०१२ चा पॉक्सो आहे, तो शाळा कोणाची हे बघत नाही.

आणि २०११ चा राज्याचा फी नियंत्रणाचा कायदा आहे. तो मुख्यतः फीसाठी, पण त्यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती नेमायची, त्यात प्रत्येक इयत्तेचा एक पालक हवा, पालक सोडत काढून निवडायचे, आणि निम्म्या बायका हव्यात. आमच्या शाळेत ही समिती कागदावर होती. चर्चच्या कामातली तीच चार-पाच माणसं, सगळी फादरांच्या ओळखीची. सोडत कधी निघाली होती, विचारलं तर क्लार्कला आठवेना.

यंदा जूनमध्ये आम्ही आयांनी लेखी अर्ज दिला, की सोडत पालकांसमोर काढा. काढली. काचेच्या बरणीत चिठ्ठ्या टाकल्या आणि पहिलीतल्या एका मुलीला उचलायला लावल्या. आमच्या बैठकांना येणाऱ्या सात जणींनी नावं दिली होती, त्यातल्या दोघींची निघाली. एक मराठी विभागातल्या मुलीची आई. दुसरी, भावाच्या सहीवर मुलीचा प्रवेश घेतलेली ती परित्यक्ता. तिने पहिल्या सभेसाठी वहीत प्रश्न लिहून काढलेत. मी ते तिला विचारून उतरवून घेतलेत. प्रवेशअर्जावर ‘पालक’ म्हणजे कोण, ते छापून द्याल का. मराठी बोलल्याचा जो रुपया घेतला जातो तो कोणत्या वहीत जमा होतो. बोर्डिंगच्या मुली झाडू मारतात ती पाळी सगळ्या वर्गांना का लावत नाही, मुलांनाही. मुलीला दाखला घ्यायला सांगायचं असेल तर त्याआधी कोणाला विचारायचं, आणि ते लेखी असेल का. मराठी विभाग बंद करायचं ठरलं तर आम्हाला कधी कळणार.

सभा पुढच्या शनिवारी आहे. अध्यक्ष सिस्टर असतील, पण या वेळी फादरही येणार आहेत असा निरोप आलाय.